परिच्छेद क्रमांक चार

नाशिकच्या कचेरीच्या कुंपणालगत पत्र्याची एक शेड आहे आणि त्या शेडमध्ये गेली तीस-एक वर्षे मी टेबल मांडून बसतो. अर्ज, प्रतिज्ञापत्र, तक्रार, हरकत, खुलासा, ज्याला जे हवे ते मी त्याच्या तोंडून ऐकून कागदावर उतरवून देतो. माझे शिक्षण नववीपर्यंत झाले, तेही गणिताच्या पेपरापाशी अडले. तथापि वकिलीची सनद भिंतीवर टांगलेले कित्येक गृहस्थ मसुद्यातले वाक्य अडले की माझ्या टेबलाशी येऊन उभे राहतात, हे मी बढाई म्हणून नव्हे, वस्तुस्थिती म्हणून नमूद करतो. कोणते वाक्य कोठे तोडावे आणि कोणते लांबवत न्यावे, याचे ज्ञान शाळा देत नाही.

प्रस्तुत हकीकत माझ्या व्यवसायाची नाही, वाद्याची आहे. मात्र व्यवसाय मध्ये आला आणि त्याने जे नुकसान केले ते अद्याप भरून आलेले नाही, म्हणून प्रारंभी त्याचा उल्लेख करणे भाग पडले.

माझे वाद्य बुलबुल तरंग. आमच्याकडे त्याला सरसकट बेंजो म्हणतात. लांबट लाकडी पेटी, तिच्यावर ताणलेल्या तारा आणि तारांवर टाइपरायटरसारख्या गोल चाव्यांची रांग. डाव्या हाताने चावी दाबायची आणि उजव्या हातातल्या प्लॅस्टिकच्या तुकड्याने तार छेडायची, एवढाच त्याचा कारभार. शेडमध्ये संगणक आले आणि आमची टाइपरायटर यंत्रे भंगारात गेली तेव्हा माझ्या बोटांना एकाएकी काम उरले नाही. संगणकाच्या बटणांना दाबले तरी बोटाखाली काही लागत नाही. दगडावर चालणाऱ्या माणसाला गादीवर चालायला लावावे तसे ते होते. अशा दिवसांत गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारात, जुनी कुलुपे आणि पाने-पकडी यांच्या मध्ये, हे वाद्य पडलेले दिसले. विकणारी बाई म्हणाली, ‘‘न्या ना दादा, पोरं टायपिंग शिकतील.’’ मी चावी दाबली. ती खट् करून खाली गेली आणि तार बोलली. मी ते घरी आणले.

कोणी शिकवले नाही. रेडिओवरची जुनी गाणी ऐकून बोटे आपोआप वाट काढीत गेली. दिवसभर माणसांची गाऱ्हाणी ऐकावी, त्यांचे भाऊ, त्यांच्या सुना, त्यांचे बांध, त्यांचे शेजारी, हे सगळे डोक्यात भरून घरी यावे आणि तासभर वाजवावे. त्या तासात मी कोणाच्या वतीने काही मागत नसे. माझ्या आयुष्यात असा दुसरा तास नव्हता.

आणि त्या तासात अण्णा होते. अण्णा मखमलाबादचे, फुलांची शेती करणारे, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे. पूर्वी कधीतरी वारसनोंदीच्या अर्जासाठी माझ्या टेबलापुढे येऊन बसले होते. मी टाइप करीत होतो आणि ते टेबलाच्या कडेवर बोटे वाजवीत होते. अर्ज पुरा झाल्यावर म्हणाले, ‘‘रायटर, तुझी मशीन लय ठेक्यात चालती.’’ गावच्या भजनात ते ढोलकी वाजवीत. पुढे माझ्याकडे बेंजो आल्याचे कळले तसे ते ढोलकी घेऊन घरी येऊ लागले. सोमवारी देवळांमुळे फुलांना उठाव असतो. अण्णा दुपारी पंचवटीत फुले घालीत आणि दिवेलागणीच्या सुमारास मखमलाबाद नाक्याजवळच्या माझ्या दोन खोल्यांत येत. बाराबंदीसारख्या जुन्या सदऱ्याला झेंडूचा वास असे. पत्नी चहा ठेवी. दार उघडे टाकून आम्ही बसत असू. येणारे-जाणारे थांबत, हसत, निघून जात. त्यांच्या हसण्याचे मला कधी काही वाटले नाही, कारण ते समोर उभे राहून हसत.

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत येवल्याला दिलेली माझी मुलगी माहेरी आली होती. एका सोमवारी तिने मोबाइल समोर धरला.

‘‘पप्पा, इकडे बघू नका. वाजवत राहा.’’

‘‘आन् माझी टोपी?’’ अण्णा म्हणाले. ‘‘सरळ हाय का बघ गं पोरी.’’

‘‘तुमची टोपी एक नंबर आहे, अण्णा. पप्पांचाच चेहरा सही करायला बसल्यासारखा झालाय.’’

अण्णा इतके हसले की सुरुवातीलाच ठेका सुटला. ते चित्रीकरण मुलीने लोकांना पाहण्यासाठी इंटरनेटवर ठेवले आणि वादकांच्या कुठल्याशा समूहातही टाकले. दोन दिवस बरे गेले. ‘आमच्या वडिलांकडे असाच होता,’ असे एकाने लिहिले. ‘काका, डोळे भरून आले,’ असे दुसऱ्याने लिहिले. मी ते पत्नीला दोनदा वाचून दाखवले. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, ‘‘कळलं. आता भाजी आणा.’’

तिसऱ्या दिवशी त्या समूहातली जाणती मंडळी आली. एकाने लिहिले की हे वाद्यच नव्हे, जत्रेतले खेळणे आहे. दुसऱ्याने विचारले, ‘काका, टायपिंगची परीक्षा कधी आहे?’ तिसरा अभ्यासू होता. त्याने तारांचा गंज, पेटीचे हलके लाकूड आणि आवाज उचलणाऱ्या पिकअपचा अभाव यांवर सविस्तर लिहून निष्कर्ष काढला की असल्या खोक्यातून सूर निघणे शक्य नाही, आधी चांगले वाद्य घ्यावे, मगच लोकांसमोर यावे. चौथ्याने लिहिले, ‘ढोलकीवाले आजोबा झोपलेत का? गाणं कुठे, हात कुठे!’

इतर कोणी असता तर मोबाइल बंद करून जेवायला बसला असता. परंतु आमच्या धंद्याची एक शिस्त आहे. समोरच्याचे जे कथन तुम्ही स्पष्टपणे नाकारत नाही, ते तुम्ही कबूल केले असे धरले जाते. या एका नियमावर मी तीस वर्षे पोट भरले आहे. शंभर जणांना बजावले असेल की बाबांनो, गप्प बसू नका, प्रत्येक परिच्छेदाला उत्तर द्या. मग माझ्याच बाबतीत मी गप्प कसा बसणार? दुसऱ्या दिवशी शेडमध्ये त्या टिपण्या मी छापून घेतल्या, पेन्सिलीने त्यांना क्रमांक दिले आणि परिच्छेदनिहाय म्हणणे तयार केले. कौतुकाच्या टिपण्यांना उत्तर दिले नाही. जे मान्य आहे त्याला उत्तर देण्याची आमच्यात रीत नाही.

परिच्छेद एक, दोन व तीनमधील मजकूर खोटा, खोडसाळ व हेतुपुरस्सर असल्याचे मी नमूद केले. तारा गंजलेल्या नसून जुन्या आहेत, गंज व जुनेपणा या दोन भिन्न बाबी आहेत, असेही लिहिले. चौथा परिच्छेद मात्र जसा लिहिला तसाच येथे देतो, कारण त्यातला एकही शब्द मी विसरलेलो नाही :

‘परिच्छेद क्रमांक चार : ढोलकीवादनात दोष असल्याचे कथन आहे. त्याबाबत उत्तर देणार यांचे म्हणणे असे की, सदर ढोलकीवादक हे स्वतंत्र इसम असून त्यांचे वय झालेले आहे. त्यांच्या हातून ताल सुटतो ही बाब उत्तर देणार यांस पूर्वीपासून ज्ञात आहे. सबब त्यांच्या चुकीबद्दल उत्तर देणार यांस जबाबदार धरता येणार नाही.’

लिहून झाल्यावर मी ते पुन्हा वाचले आणि मला समाधान वाटले, हे मी प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मसुदा निर्दोष होता. शेजारच्या टेबलावरील गृहस्थांनीही मान डोलावली. मी तो मोबाइलवरून मुलीच्या चित्रीकरणाखाली चढवला.

पुढे जे झाले ते सर्वांनी पाहिले. माझ्या म्हणण्याचे छायाचित्र काढून लोकांनी ते इकडून तिकडे पाठवले. ‘काका, कोर्ट फी लावली का?’ ‘पुढची तारीख कधी?’ ‘आरोपी ढोलकी हाजिर हो!’ ही शेवटची टिपणी वाचून शेडमधली मंडळी हसली आणि त्यांच्याबरोबर मीही हसलो. आरोपीच्या पिंजऱ्यात कोणाला उभे केले गेले आहे, हे त्या क्षणी माझ्या ध्यानात आले नाही. आपल्यावरचा रोख दुसरीकडे वळला याचे बरे वाटले, एवढेच आठवते.

मुलीने फोन केला. म्हणाली, ‘‘पप्पा, हे काय करून ठेवलंत? लोकांशी असं बोलतात का?’’ तिने ते म्हणणे काढून टाकले. परंतु त्याच्या प्रती शेकडो ठिकाणी गेल्या होत्या आणि दाखल झालेला कागद मागे घेण्याची सोय तेथे नव्हती.

याच सुमारास समूहातल्या एका सज्जनाने मला खाजगीत सल्ला दिला. लोक तुमच्या वादनाला हसत नाहीत, आवाजाला हसतात, विजेवरचा बेंजो घ्या, असे त्याने लिहिले. मला ते पटले. पटले म्हणण्यापेक्षा, माझ्यात काही कमी नसून लाकडात कमी आहे, हे ऐकणे मला हवे होते. वाजंत्रीवाल्यांसाठी वाद्ये करणाऱ्या एका कारागिराकडून काळा चकचकीत बेंजो आणि आवाज मोठा करणारा डबा मी घरी आणला व त्याचे छायाचित्र समूहात टाकले. उत्तरे तासाभरात आली. पिकअप स्थानिक दिसते. हा डबा चालत नाही. तारा परदेशी लावा. चाव्या हलक्या वाटतात, वजनदार बसवून घ्या. मी सर्व टिपून घेतले. संध्याकाळचा जो तास वाजवण्याचा होता तो आता तारांच्या जाडीविषयी वाचण्यात जाऊ लागला. नवा बेंजो मी त्या महिन्यात किती वेळा वाजवला असेन? जेमतेम चार वेळा. त्याचा आवाज मोठा होता. पुढच्या गल्लीपर्यंत जाई. पण चावी दाबताना वाटे की कोणीतरी अदृश्य माणूस माझ्या खांद्यावरून वाकून बघतो आहे आणि तो आता काय लिहील, हे मी तार छेडण्याआधीच मनात लिहून टाकी.

माझे म्हणणे पसरले त्यानंतरच्या सोमवारी अण्णा आले नाहीत. दिवाळी होऊन गेली होती, तरी फुलांची घाई असेल असे मी धरून चाललो. दुसऱ्या सोमवारीही ते आले नाहीत. तिसऱ्या सोमवारी मी फोन केला. सुनेने उचलला. ‘‘मामा रानात गेलेत,’’ ती म्हणाली. तिच्या मागे अण्णा खोकल्याचे मला ऐकू आले.

माझ्या प्रत्येक मसुद्याची एक प्रत मी फाइलला लावून ठेवतो. त्या संध्याकाळी पत्नी ती फाइल हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

‘‘अहो, हे चौथं तुम्ही लिहिलंत?’’

‘‘मीच लिहिलं. का?’’

‘‘काही नाही. मुद्देसूद आहे.’’

‘‘आहेच मुद्देसूद.’’

‘‘अण्णांनी तुमचं काय घोडं मारलं होतं?’’

मी तिला समजावून सांगू लागलो की ही मसुद्याची रीत आहे. दोघांवर मिळून आरोप आला की आपल्या पक्षकाराची जबाबदारी आधी वेगळी करून घ्यायची असते. भागीदारीच्या भांडणात मी असेच लिहितो, भावाभावांच्या तक्रारीत असेच लिहितो. हात आपोआप तिकडे जातो. तिने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, ‘‘पण तुमचा पक्षकार कोण होता?’’ आणि फाइल टेबलावर ठेवून पोळ्या करायला गेली.

पुढच्या रविवारी मी मखमलाबादला गेलो. जाण्यापूर्वी दोन रात्री जागून दिलगिरीचे पत्र तयार केले होते. अण्णा घरापुढच्या छपरात बसून झेंडू निवडत होते. चांगली फुले क्रेटमध्ये, भिजकी बाजूला गोणपाटावर. मला पाहून म्हणाले, ‘‘या रायटर. बसा.’’

इतक्या वर्षांत अण्णांनी मला कधी ‘या’ म्हटले नव्हते. ‘ये’ म्हणत, कधी नुसतेच ‘आलास का’ म्हणत. मी बसलो. सुनेने चहा आणून ठेवला आणि माझ्याकडे न बघता आत गेली.

‘‘अण्णा, सोमवारी आला नाहीत.’’

‘‘फुलं लय व्हती.’’

‘‘त्याच्या आधीच्या सोमवारी?’’

‘‘तवाबी व्हती.’’

मी खिशातून पत्र काढले. ‘‘मी लेखी आणलंय.’’

‘‘कशाचं?’’

‘‘दिलगिरीचं.’’

‘‘मंग वाचा.’’

मी वाचले. दोन पाने होती. परिस्थिती कशी उद्भवली, व्यावसायिक सवयीमुळे अनवधान कसे घडले, हेतू कसा निर्मळ होता, हे क्रमाने आले होते. अण्णांचे हात फुलांवर चालूच होते. माझे वाचून संपल्यावर त्यांनी एक भिजके फूल गोणपाटावर टाकले.

‘‘ह्याच्यात बी सगळा तूच हायेस की,’’ ते म्हणाले. ‘‘मी कुठं हाय?’’

मी कागदाकडे पाहिले. तेथे ते खरोखरच नव्हते.

‘‘फुलबाजारात एका गाळेवाल्यानं मोबाइल काढून मोठ्यानं वाचलं,’’ अण्णा सांगू लागले. ‘‘पंधरा-वीस मानसं व्हती. हसली. मी बी हसलो, काय करनार? घरी आलो तवा सून म्हनली, मामा, त्यात तुमचं नाव नाय, सोडून द्या. नाव नसलं म्हून काय झालं? टोपी माझीच दिसती ना.’’

‘‘अण्णा, मी...’’

‘‘ऐक. ताल सुटतो ते मला काय ठाऊक नाय? ह्या हाताची ही दोन बोटं बधिर हायेत. लय दिस झाले. वाजतंय का नाय ते मला कातड्यावर कळत नाय, कानानं कळतं, आन् तवर उशीर झालेला असतो. सुटला की तू जरासा थांबायचास. मी आलो की म्होरं उचलायचास. मला कळायचं. तू बोलला नाय, मी बोललो नाय. बायकोला बी सांगितलं नाय मी. आन् तू ते लिवून समद्या दुनियेला दिलंस. कुनाला? ज्यांची तोंडं तू बघितली नायस त्यांना.’’

त्यांनी आरोप केला होता, मी तो नाकारीत नव्हतो, आणि आमच्या नियमाप्रमाणे तो कबूल झाला होता.

भरलेला क्रेट बाजूला सारून ते म्हणाले, ‘‘कागद आणलास. बेंजो नाय आणलास.’’

‘‘पुढच्या वेळी आणतो.’’

‘‘आन. पन मी बसायचो नाय. ढोलकी भजनी मंडळाला देऊन टाकली.’’

मला वाटले ते रागाने बोलत असावेत. परंतु छपराच्या ज्या खुंटीवर ढोलकी टांगलेली असे तेथे रिकामी पिशवी लोंबत होती. मी विचारले, परत मागता येणार नाही का? ते म्हणाले, ‘‘दिलेली वस्तू मागत नसतेत. आन् मागून करू काय? आता हात उचलला की मला ती मानसंच दिसतात. तू थांबलास तरी मला वाटंल, ह्यो मनात लिवतोय.’’

समूहातले ते अनोळखी लोक माझ्या खांद्यावर येऊन बसले होते, हे मला कळले होते. अण्णांच्या खांद्यावर मात्र मीच बसलो आहे, हे कळले नव्हते.

सोमवारी मी कचेरीतून परस्पर मखमलाबादला गेलो. नवा बेंजो घरी कपाटावर राहिला. तो मी पुन्हा काढलेला नाही. बुधवारच्या बाजारातला जुना पिशवीत घालून नेला. अण्णा फुले निवडत बसले होते, मी समोरच्या रिकाम्या क्रेटवर बसलो. त्यांनी वाजव म्हटले नाही आणि नको म्हटले नाही. मी सुरू केले. मोबाइल बंद होता, तारा जुन्याच होत्या, आणि बऱ्याच दिवसांनी चावीखालून सूर निघाला तेव्हा तो चांगला की वाईट, कोणता, कशाचा, असे काही मनात आले नाही. एक कडवे तसे गेले. त्या कडव्यापुरते मला सुख झाले, हे मी नाकारणार नाही. अण्णांसमोर बसून मला सुख व्हावे याची लाजही वाटली.

मग अंतऱ्याच्या तोंडाशी माझा हात थांबला. मी थांबवला नव्हता. तेथे अण्णांचा ठेका मागे राहत असे आणि इतक्या वर्षांच्या सवयीने माझी बोटे त्यांच्यासाठी तेथे उभी राहिली. छपरात नुसता फुले टाकल्याचा आवाज येत होता.

अण्णांनी मान वर केली नाही. म्हणाले, ‘‘थांबू नको. म्होरं जा. मागं कुनी नाय आता.’’

मी पुढे वाजवले.

तेव्हापासून शक्य त्या सोमवारी मी जातो. पावसात जाणे होत नाही, कचेरीत गर्दी असली की होत नाही. कधी अण्णा छपरात असतात, कधी रानात असतात आणि मी सुनेला विचारून तसाच परततो. समूहात माझ्यावर अजून कधीमधी काही येते. मी वाचतो, उत्तर देत नाही. पत्नी म्हणते, वाचता तरी कशाला? अण्णांनी आजवर ठेका धरलेला नाही, क्रेटच्या कडेवरसुद्धा नाही. मात्र गेल्या खेपेला मी छपरात शिरलो तेव्हा ते फुलांत हात घालून, खालमानेनेच म्हणाले, ‘‘आलास का.’’

मी पिशवी सोडली आणि जुन्या तारा जुळवू लागलो. त्या पूर्वीसारख्या जुळत नाहीत.